आठ गटांचा तक्ता

३ नोव्हेंबर
प्रेसच्या मालकांना आज गाठलंच. म्हटलं, फुटबॉलची जागतिक स्पर्धा जवळ आली, भिंतीवर लावायचा तक्ता छापू. लोक स्कोअर भरत जातील. मालक म्हणाले, आपल्याकडे फुटबॉल कळतो कोणाला? मी म्हटलं, मला. कोणी खोडून काढलं नाही. संकल्प : या वेळी कोणाची मदत घ्यायची नाही.

५ नोव्हेंबर
डिझाइन तयार. आठ गट, प्रत्येकी चार संघ, मग बाद फेरी, मधोमध फायनल आणि सोनेरी कप. कप जरा फुलदाणीसारखा आलाय, पण लांबून कळत नाही.

८ नोव्हेंबर
बायकोला दाखवला. ती गणित शिकवते, शाळेचं वेळापत्रकही तीच लावते, त्यामुळे तिला कुठल्याही चौकटीत चूकच दिसते. म्हणाली, यंदा फॉरमॅट बदललाय ना, संघ वाढलेत म्हणे. मी म्हटलं, असल्या वावड्या प्रत्येक स्पर्धेआधी उठतात. म्हणाली, एकदा बघून तरी घे. बघणारच होतो. वेळ झाला नाही.

१४ नोव्हेंबर
मशीनवाल्यानेही तोच सूर लावला. जागा कमी पडणार नाही ना? मी म्हटलं, मी शाळेपासून फुटबॉल बघतोय. तो मशीनकडे वळला. ज्ञानापुढे माणसं गप्प बसतात. दोन हजार प्रती छापल्या. ड्रॉच्या, म्हणजे कोणता संघ कोणत्या गटात याच्या सोडतीच्या, आधी तक्ता तयार हवा, ही आयडिया माझीच.

५ डिसेंबर, संध्याकाळ
टीव्हीवर ड्रॉ. मालकांना मुद्दाम घरी बोलावलं. काचेच्या भांड्यातून चेंडू, चेंडूतून चिठ्ठी. मी तक्ता मांडीवर घेऊन नावं भरत होतो. आठ चिठ्ठ्या, आठ गट. नववा चेंडू निघाला. म्हटलं, राखीव असेल. दहावा निघाला. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. बाराव्याला बायको चहा ठेवायला उठली. तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

६ डिसेंबर
घाबरायचं कारण नाही. उरलेल्या चार गटांची पट्टी छापून वरून चिकटवायची. सोपं आहे.

८ डिसेंबर
चिकटवली. फायनल पट्टीखाली गेली. शिवाय नवीन भानगड : प्रत्येक गटातले पहिले दोन पुढे जातात हे ठीक, पण तिसऱ्या नंबरच्या बारा संघांपैकीही आठ जातात. कोणते आठ, ते साखळी फेरी संपल्यावर कळणार. मालकांना फळ्यावर समजावलं. बाण काढता काढता एक संघ स्वतःशीच खेळायला लागला. मालकांनी डस्टर माझ्या हातात दिलं.

९ डिसेंबर
मालक म्हणाले, शुक्रवारपर्यंत मार्ग काढा, नाहीतर डिझाइनचं टेबल दुसऱ्याला देतो. बावीस वर्षांत असं कधी बोलले नव्हते. जेवण गेलं नाही. बायकोला सांगितलं, डोकं दुखतंय.

१० डिसेंबर
तिला सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता ऐकवेल. तिने एवढंच विचारलं, मागची बाजू कोरी आहे का? होती. मग वेळापत्रकाचे चौकटीचे कागद काढून बसली. बारा गट, तिसऱ्या नंबरवाल्यांचं वेगळं कोष्टक, प्रत्येकाची वाट सरळ. दोन तासांत काम खलास. मी पेन्सिलींना टोक करून दिलं. टोकं उत्तम झाली.

१२ डिसेंबर
मागच्या बाजूवर छापून झालं. टेबल वाचलं. माझे आठ गट आता कायम भिंतीकडे तोंड करून राहतील. प्रूफ मी स्वतः डोळ्यांत तेल घालून वाचलं.

२० डिसेंबर
तक्ते संपत आले. सकाळी एका क्रीडाशिक्षकांचा फोन. म्हणाले, तिसऱ्या नंबरचं गणित पहिल्यांदाच कोणीतरी डोक्यात शिरेल असं मांडलंय. मी नम्रपणे म्हटलं, बावीस वर्षांचा अनुभव आहे. ते म्हणाले, हो का, पण खाली ज्या बाईंचं नाव छापलंय त्यांच्याशी बोलायचं होतं. मी म्हटलं, नाव वगैरे काही छापलेलं नाही, प्रूफ मी वाचलंय. फोन ठेवून तक्ता बघितला. बायकोचं नाव होतं. ठळक अक्षरात.