बुधवारी तू येऊ नकोस

आगाशी,
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

चि. अनिश यास आईचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस, मरणाबिरणाची बातमी नाही. शेजारच्या फेलिशियाची ज्युली उद्या परत निघाली आहे तुमच्या कॅनडाला. म्हटलं तिच्याबरोबर चार ओळी द्याव्या. फोनवर का नाही लिहिलं, म्हणशील. तू पाठवलेला फोन पप्पांच्या उशाशी असतो. तुझा निरोप आला की ते चष्मा लावून आधी स्वतः वाचतात आणि मग मला मोठ्याने वाचून दाखवतात. आकाशवाणीच म्हण.

आधी खुशाली लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. थंडी अजून नाही. तुकाकाकांच्या वाडीला शेवटी पत्रे लागले, तिथे सात मजली होणार म्हणतात. आपल्या चाफ्याला मात्र यंदा उदंड फुलं आली, तोडायला माणूस मिळत नाही. रीमाला पाय वर घेऊन बसायला सांग. डिंकाचे लाडू पाठवते आहे, पण ते बाळंतपणानंतर खायचे, आधी नाही. तुला लाडवाचा डबा दिसला की धीर निघत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून डब्यावर तिचं नाव घातलं आहे.

दिवाळीनंतर पाठवलेली सुकेळी मिळाली, त्यांचा फोटोही तू सगळ्यांना दाखवलास. ‘पप्पांच्या हाताची चव’ असं खाली लिहिलं होतंस. अनिश, ती विकतची होती. यंदा पप्पांनी एकही राजेळी केळं सोललं नाही. वाळवायला मांडव घातला नाही, काही नाही. घड झाडावरच पिकले आणि वटवाघळांनी खाल्ले. मी म्हटलं, अहो, निदान पोरापुरती तरी करा. त्यावर त्यांनी कूस बदलली. तू फोटो टाकलास तेव्हा तो त्यांनी पुष्कळ वेळ बघितला, आणि मला म्हणाले की त्याला सांगू नकोस.

सांगू नकोस, सांगू नकोस. या घरात सध्या एवढं एकच वाक्य चालतं.

शिमग्याच्या सुमाराला तू पप्पांसाठी पुण्याच्या या मनाच्या डॉक्टर ज्ञानदा शोधून काढल्यास, त्याचे उपकार मी विसरणार नाही. वसईतल्या दवाखान्याची पायरी पप्पा चढले नसते. खालीच त्यांच्या मावसभावाचं औषधांचं दुकान, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या सोयऱ्यांत बोभाटा. फोनवरचे डॉक्टर म्हटल्यावर मात्र ते तयार झाले. घरच्या घरी, कुणाला कळायचं नाही. आणि खरंच कुणाला कळलं नाही बघ, डॉक्टरांनासुद्धा नाही.

तुला आमचा बुधवार माहीत नाही. तुला फक्त साडेसहानंतरचा माहीत आहे. आठवडाभर माणूस अंघोळीला उठत नाही, दाढी वाढलेली, एकच बंडी अंगात. बुधवारी जेवणं झाली की मी पाणी तापवते. त्यांची दाढी आता मीच करते. मग तू पाठवलेला निळा शर्ट, त्याला इस्त्री. घरात व्हिडिओपुरती रेंज नाही म्हणून मागच्या पडवीत बसायचं, तर तिथली पोती हलवायची आणि रंग दिलेल्या भिंतीकडे खुर्ची लावायची. मुलगी दाखवायची असली की करतात ना, तशी सगळी तयारी. मी एकदा विचारलं, डॉक्टरांसाठी एवढं कशाला? म्हणाले, डॉक्टरांसाठी नाही, पोरगा बघतो.

मग तू येतोस, वरच्या कोपऱ्यातल्या तुझ्या त्या खिडकीत. ऑफिसचा शर्ट, हातात कॉफी, तुझी सकाळ नि आमची दिवेलागण. पप्पा ताठ बसतात आणि शाळा तपासायला साहेब आल्यासारखं शुद्ध बोलतात. झोप लागते. भूक लागते. मन प्रसन्न असते. ‘मन प्रसन्न’ हा शब्द त्यांनी जन्मात कधी वापरला होता का रे? त्यांनी एक सांगावं आणि तू त्यात दोनची भर घालावीस की मॅडम, हल्ली खूप फ्रेश दिसतात. तुला तसं दिसत होतं, तुझा दोष नाही. दिवाळीत डॉक्टरांनी गोळी अर्धी केली तेव्हा तू केवढा खूश झालास. त्या बाईंनी तरी काय करावं? त्यांच्यापुढे इस्त्रीचा शर्ट बसला होता, त्यांनी शर्ट तपासला.

मी का बोलले नाही? मी शेजारीच तर बसते. पण तोंड उघडणार एवढ्यात खुर्चीखाली त्यांचा पाय माझ्या पायावर येतो. आणि समोर तू हसत असतोस. तुझं ते हसणं मोडायचं माझ्याने होत नाही.

आता जे लिहायचं ते दोन पानं टाळलं. बसून वाच, आणि रीमासमोर वाचू नकोस.

गेल्या रविवारी दुपारी मी फेलिशियाकडे लाडवांसाठी सुकं खोबरं आणायला गेले होते. परत आले तर घरात कुणी नाही. वाडीत शोधलं. बावखलाच्या, पाण्यात उतरणाऱ्या पायरीवर चपला दिसल्या, जोडून ठेवलेल्या. दगडावर चष्मा आणि त्यावर घड्याळ. पप्पा शेवटच्या पायरीवर बसले होते, पाय पाण्यात. मी आवाज चढवला नाही. म्हटलं, चहा टाकलाय, या. ते उठले आणि आले. येताना म्हणाले, पाणी किती आहे बघत होतो. मी हो म्हटलं. पाणी बघायला घड्याळ काढून ठेवावं लागत नाही, हे त्यांनाही कळतं आणि मलाही.

मग परवाचा बुधवार. तुझी खिडकी मध्येच काळी झाली, आठवतं? नेट गेलं म्हणालास. डॉक्टर म्हणाल्या, अनिश येईपर्यंत आपण बोलू. पप्पांनी मान पुढे काढून नीट पाहिलं आणि मला विचारलं, “गेला काय तो?” मी म्हटलं, गेला. त्यांचे खांदे एकदम खाली आले. डॉक्टरांनी सावकाश विचारलं, काका, जगणं नकोसं वाटतं का कधी? आणि पप्पा पहिल्यांदा त्यांच्याशी आपल्या घरच्या बोलीत बोलले.

“मना आता नको वाटते, बाय. पन पोराहमोर कसा बोलू? तो सगलं सोडून येल.”

डॉक्टर म्हणाल्या, तुम्ही बोला, मी ऐकतेय. पप्पा बोलायला लागले. रोज पहाटे जाग आली की कशाला आली असं वाटतं, हे बोलले. रविवारचं बोलले. मी शेजारी बसून ऐकत होते आणि या माणसाबरोबर इतकी वर्षं संसार केला तो कुणाबरोबर केला, असं मला झालं.

आणि तेवढ्यात तू परत आलास. हॅलो, हॅलो, आवाज येतोय का? पप्पांनी बाहीने डोळे पुसले, ताठ झाले आणि तुला विचारलं, तिकडे थंडी किती पडली? तू हसून म्हणालास, मॅडम, बघा, पप्पा आज फॉर्मात आहेत.

तुला लागावं म्हणून हे लिहीत नाही रे. मागे एकदा तू त्यांना म्हणाला होतास, तुम्हाला काही झालं तर नोकरीवर लाथ मारून येईन. तू मायेने बोललास. त्यांनी ते गाठीला बांधून ठेवलं. तुझी नोकरी, तुझं कर्जाचं घर, येणारं बाळ, हे सगळं आपल्या एका वाक्याने मोडेल असं त्यांना वाटतं. म्हणून ते वाक्य बोलत नाहीत. बापलेक एकमेकांना इतकं जपताय की त्यातच माणूस जायचा.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी मला फेलिशियाच्या फोनवर बोलावून घेतलं. गोळी पुन्हा पूर्ण केली आहे आणि औषधं माझ्या ताब्यात आहेत. पप्पांना एकटं सोडायचं नाही, आणि जरा जरी बिघडलं तरी दवाखान्यात दाखल करायचं, मग मावसभाऊ बघो नाहीतर सगळं गाव. बावखलाकडच्या फाटकाला मी कुलूप घातलं. आज सकाळी डॉक्टर तुला न कळवता पप्पांना परत फोनवर भेटल्या. दाढी केली नव्हती, अंगात बंडीच होती. ते पोटभर रडले. मला वाईट वाटलं आणि हलकंही वाटलं.

डॉक्टर म्हणत होत्या, अनिशला मी सांगते. मी म्हटलं नको, त्याला आईच सांगेल.

तर बाळा, बुधवारी तू येऊ नकोस. त्या खिडकीत येऊ नकोस. काम आहे म्हण, काहीही म्हण. डॉक्टर सांगतील तोपर्यंत येऊ नकोस. आणि हे वाचून विमानाचं तिकीटही काढू नकोस. तुला दारात पाहिलं तर आपलं भय खरं झालं असं त्यांना वाटेल. गुरुवारी फोन कर. थंडीचं सांग, बाळाचं सांग, सुकेळी संपली म्हणून सांग. कसे आहात एवढं मात्र विचारू नकोस, कारण ते तुला खोटं सांगतील आणि ते खोटं त्यांना फार जड जातं.

तू त्यांच्या दुखण्याला कारण नाहीस. मी डॉक्टरांना तेच पहिल्यांदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, साखर वाढते तसंच हे, माणसाच्या हातात नसतं. पण तू त्यांचा फार लाडका आहेस, आणि लाडक्यासमोर माणसाला पडता येत नाही.

मला तुझी खूप आठवण येते, अनिश. आठवड्यातून एकदा तुझं तोंड दिसायचं ते त्याच खिडकीत. तीच मी बंद करायला सांगते आहे, तेव्हा काय समजायचं ते समज.

पप्पा आता समोरच बसले आहेत, मी त्यांना नजरेआड करत नाही. काय लिहितेस म्हणून विचारलं. म्हटलं, रीमाला लाडवांचं सांगतेय. तर म्हणाले, खाली एक ओळ माझीही घाल.

त्यांनी सांगितलं तसं लिहिते : पप्पा बरे आहेत, काळजी करू नये.

येत्या बुधवारी तुझी वाट न पाहणारी,
तुझी आई