खाली घातलेली मान

३ मार्च, सोमवार
मुकादमाला कळलं! माझी नजर अधू झालीय, सुईत दोरा ओवता येत नाही — सगळं. शुक्रवारी समोर बसवून वीस बटणं लावून घेणार. नाही जमलं तर कारखान्यातून छुट्टी. वर म्हणतो कसा, "तुमच्या देशाच्या बायका अशाच, दुखणी लपवतात." अरे, देशाला कशाला मध्ये आणतोस? डोळे माझे आहेत!

४ मार्च
हे दोघींनाच ठाऊक होतं. एक धाकटी — माझी खोलीवाली, आपल्याच भाषेची, मला ताई म्हणते, माझ्या ताटात जेवते. दुसरी शेजारच्या स्टुलावरची उंच बाई, कुठल्या लांबच्या मुलखातली. वर्षभर माझ्या सुया गुपचूप तीच ओवून देते.

दोघींना विचारलं. धाकटी डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "ताई, तुझी शपथ!" उंच बाईने मान खाली घातली. एक शब्द नाही. आणखी कबुली ती काय असते? ह्या लोकांना माया लावूच नये!

५ मार्च
मुकादमाला सांगितलं, ती सुया चोरते. खोटंच. लगेच तिला तळघरात इस्त्रीवर धाडलं. धाकटी म्हणाली, "बरं झालं, पीडा गेली."

६ मार्च
ओवता ओवता बोटांची चाळण झाली. जेवणाच्या सुट्टीत कापडं बेतणारी भेटली, उंच बाईच्या मुलखातलीच. टोमणा मारला, तुमच्यात डोळ्यांत बघून बोलत नाहीत वाटतं? ती सहज म्हणाली, "आमची ती उंच बाई तुला मोठी बहीण मानते ना! मोठ्या बहिणीच्या डोळ्यांत बघायचं? छे! ती रागावली तर आम्ही खाली बघून ऐकून घेतो. खरं-खोटं मागाहून." डबा तसाच टाकून उठले.

तडक मुकादमाला गाठलं. कुणी सांगितलं माझं? "तुझ्याच खोलीवालीने. तिच्या जावेला इथे चिकटवायचंय."

धाकटी! माझ्याच ताटात जेवून! संतापाने रडूसुद्धा येत नाहीये. आणि मी? "ह्या लोकांना" — मीच लिहिलंय, ह्याच वहीत, परवा. तळघरात जाऊन पाय धरावेत असं वाटलं. जिन्यापर्यंत गेले आणि परत आले.

७ मार्च, शुक्रवार
सकाळी टेबलावर माझी सुयांची डबी. आत वीस सुया — सगळ्या ओवलेल्या!

बटणं झाली. पास. मुकादम खूश होऊन म्हणाला, "बघ, ती चोरटी गेली आणि तुझं काम सुधारलं."

मी मान खाली घातली. एक शब्द नाही.