कॉइलचा डबा आणि दाभोळचं अर्धं घर

बिस्मिल्लाह.

मी, हाशिर दाऊद चौगुले, वय वर्षे एक्कावन्न, धंदा चष्म्याच्या फ्रेमी दुरुस्त करणे व काचा बसवणे, मूळ राहणार दाभोळ, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी, हल्ली मुक्काम हुफूफ, अल अहसा, सौदी अरेबिया, माझ्या मागे माझ्या मिळकतीची व्यवस्था कशी लागावी हे कुणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत सांगून ठेवत आहे. इस्पितळात माझ्या डोक्याची तपासणी झाली असून डोकं शाबूत असल्याचं डॉक्टरांनी लेखी दिलं आहे. मात्र मी अजून हादरलेलाच आहे, हेही इथेच नोंदवतो. पुढे कुठे भाषा घसरली तर ती त्यामुळे समजावी, वेडामुळे नव्हे.

माझ्या उजव्या हाताला अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट राहिलेलं नाही. म्हणून मी तोंडी सांगतो आहे आणि माझे मित्र विजयकुमार शिरसाठ, मूळचे नाशिकचे, इथे पेट्रोकेमिकल कारखान्यात इलेक्ट्रिकल इंजिनियर, हे लिहून घेत आहेत. सही मी डाव्या हाताने करणार आहे. ती माझ्या जुन्या सह्यांशी जुळणार नाही. बँकेने त्यावरून माझ्या बायकोला खेपा घालायला लावू नयेत.

कलम १. शरियतप्रमाणे माझ्या मिळकतीच्या दोन तृतीयांश भागावर माझी मर्जी चालत नाही. तो वारसांचा आहे. माझी पत्नी रईसा आणि मुलगी रुमाना, जी रियाधला ओलाया भागात एका बँकेत नोकरीला आहे, या माझ्या वारस. माझा थोरला भाऊ नौशाद हाही शरियतने वारस होता. मला मुलगा नाही, त्यामुळे उरलेला हिस्सा आपोआप त्याच्याकडे गेला असता, आणि ही गोष्ट मला कित्येक वर्षं खुपत होती. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. ज्या दिवशी माझा हात गेला त्याच दिवशी नौशाद दाभोळला वारला. त्याला मूलबाळ नाही. ते कसं घडलं ते कलम ६ मध्ये येईल. आत्ताच सांगायला लागलो तर बाकीची कलमं राहून जातील.

कलम २. दुकानातली माझी स्वतःची हत्यारं, म्हणजे बारीक पेचकस, चिमटे, कानशी आणि नाकाची पट्टी वाकवायची पक्कड, ही माझ्याबरोबर काम करणाऱ्या हुसेनमियाँ यांना आजपासूनच द्यावीत. मरणाची वाट पाहू नये. अंगठ्याशिवाय पक्कड धरता येत नाही, हे मी करून पाहिलं आहे.

कलम ३. कॉइलचा डबा. निळा, पत्र्याचा, मूळचा मामूलच्या, म्हणजे खजूर भरलेल्या बिस्किटांचा. त्यात तारेची रिळं, कॉइल वळायच्या सळया, ओहम मीटर, सिरॅमिकचा चिमटा आणि कापूस आहे. रईसा म्हणते, "तो डबा कचऱ्यात टाका, माझ्या डोळ्यांसमोर नको." सिगारेट सुटावी म्हणून मी व्हेप, म्हणजे बॅटरीवर तापणाऱ्या कॉइलची वाफ, ओढायला लागलो तेव्हापासून ती त्याला बंब म्हणायची. "पेटला का तुमचा बंब?" असं विचारायची. आता विचारत नाही.

तरी हा डबा मी विजयकुमार यांच्या कारखान्यातले तरुण सहकारी चैतन्य यांना देतो. त्यांना स्वतःची कॉइल वळायला शिकायचं आहे आणि ते शिकणारच आहेत. डबा फेकला तर ते नवा विकत घेतील, पण सांगणारं कोणी नसेल. अट एकच, की त्यांनी पुढचं वाचावं आणि डबा भारतात नेऊ नये, तिथे या धंद्याला बंदी आहे.

चैतन्य, सुरुवात साध्या कंथाल तारेने करा. दोनतीन तारा पिळून केलेल्या नक्षीदार कॉइली फोटोत छान दिसतात, त्यांच्या नादी पहिल्या दिवशी लागू नका. सळईवर वेढे एकाला एक चिकटवून घ्या, ओढ सारखी ठेवा. तारेचे दोन्ही पाय डेकच्या, म्हणजे खालच्या बैठकीच्या, खांबांत घालून स्क्रू कसा. इतकं आवळू नका की तारच तुटेल. उरलेली टोकं मुळाशी कापा. कापल्यावर नखाने चाचपून पाहा, नखाला टोचलं तर ते कापलेलं नाही. मग मीटरवर ठेवा. आकडा नाचत असेल तर स्क्रू ढिला आहे. कमी ताकदीवर थोडं थोडं तापवा. लाली मधून बाहेर पसरली पाहिजे. एका बाजूलाच आधी लाल झालं तर बटण सोडा आणि चिमट्याने वेढे हलके जवळ आणा. कापूस लेंग्यात नाडी ओवतो तसा घाला. तो सरकला पाहिजे, पण कॉइल हलता कामा नये. वरची टोपी चढवल्यावर पुन्हा मोजा. टोपी चढवल्यावर. हे वाक्य विजयकुमारांना मी दोनदा लिहायला सांगितलं आहे.

आणि यंत्र चिपवालं वापरा. तारेत काही चुकलं तर ते स्वतःच बंद पडतं. साध्या पितळी नळीत चिप नसते. तिथे बटण दाबलं की एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला तार, मध्ये अडवणारं कोणी नाही.

कलम ४. माझ्याकडे पितळी नळी होती. हात बसला होता, रोज डोळ्यांना न दिसणारे स्क्रू बसवणारा माणूस मी, मला वाटलं आता चिप कशाला. शुक्रवार होता. जुम्याची नमाज पढून मी घरी आलो. रुमानाला दुसरं बाळ झालं म्हणून रईसा रियाधला होती. विजयकुमार घरून शीलावहिनींनी दिलेली साबुदाण्याची खिचडी घेऊन आले होते. मी नवी कॉइल बसवली, मीटरवर मोजली, आकडा ठीक होता. एक टोक जरा लांब राहिलं होतं. टोपी चढवली आणि ते टोक टोपीला आतून टेकलं. मी बटण दाबलं.

आधी शिट्टी झाली. मला खरोखर वाटलं की शेजारी कुणी कुकर लावला आहे. बटण आत रुतून बसलं होतं, नळी हातात चटकन तापली, आणि ती टाकायच्या आत फुटली. मला दुखलं नाही. मी हाताकडे पाहिलं आणि अंगठा शोधायला जमिनीवर वाकलो, स्क्रू पडल्यावर वाकतो तसा. विजयकुमारांनी मला मागून उचललं. "हाशिरभाई, उठा, यल्ला, खाली बघू नका, माझ्याकडे बघा," असं ते इस्पितळ येईपर्यंत बोलत होते. गाडी चालवतानाही रस्त्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होते. मी त्यांना म्हटलं, "खिचडी झाकून आलात का?" मी असं का विचारलं ते मला अजून कळलेलं नाही.

कलम ५. विजयकुमार यांनी मला पहिली कॉइल वळायला शिकवली, म्हणून त्यांच्यावर कुणीही, विशेषतः माझ्या मुलीने, ठपका ठेवू नये. त्यांनी शिकवलं ते बरोबर शिकवलं. नळी नको असं तोंडावर सांगितलंही होतं.

(इथे लिहिणाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "हे मी माझ्या हाताने कसं लिहू? मी त्याच खोलीत होतो. टोपी उघडून दाखवा म्हणालो असतो तर..." मी म्हटलं, "लिहा. इथे मालक मी आहे." मग त्यांनी लिहिलं.)

कलम ६. दाभोळचं घर. वडिलांच्या मागे घर आम्हा दोघा भावांचं. वडिलांची होडी नौशादने मला न विचारता विकली. मी इथून फोनवर नको ते बोललो, त्याने घराच्या मधोमध जांभ्याची भिंत घातली, आणि बोलणं संपलं. हा राग मी या मृत्युपत्राने सोडला आहे. त्याने होडी का विकली हे मी कधी विचारलं नाही आणि आता कुणाला विचारू? माझ्या बाजूचं अर्धं घर, जे माझ्या अधिकारातल्या एक तृतीयांशात बसतं, ते मी नौशादची विधवा जुबेदाभाबी यांना पूर्ण मालकीने देतो. भिंत ठेवायची की पाडायची हे त्यांनी ठरवावं. त्यात बाकी कुणी मत देऊ नये.

आता जे घडलं ते सांगतो.

माझे कफील, म्हणजे ज्यांच्या जामिनावर मी इथे राहतो ते, आणि दुकानाचे मालक अबू नासिर हा भला माणूस. बातमी कळताच ते इस्पितळात धावत आले आणि ऑपरेशन होईपर्यंत बाहेर उभे राहिले. माझा फोन स्फोटात जळाला होता. दुकानात मी नोकरीला लागलो तेव्हा घरचा नंबर म्हणून नौशादचा दिला होता. पुढे आमचं बोलणं बंद झालं, पण नंबर बदलायचा राहिला. डॉक्टर बाहेर येऊन सगळं नीट झालं म्हणाले. घरचे काळजीत असतील म्हणून अबू नासिरनी तो नंबर लावला. त्यांना मराठी येत नाही, हिंदी मोडकी येते, पण घाईत तोंडातून अरबीच निघतं. नौशाद कधी गल्फला आला नाही, त्याचं सगळं आयुष्य दाभोळच्या खाडीत गेलं.

विजयकुमारांनी फोन केल्यावर रईसा आणि रुमाना तोवर रियाधहून निघाल्या होत्या. दाभोळला नीट बातमी द्यायची ती हुफूफला पोहोचून, मला डोळ्यांनी बघून, असं त्यांनी ठरवलं होतं. रईसाने फोन लावला तेव्हा मशिदीच्या भोंग्यावर दोघा भावांच्या मौतीची खबर देऊन झाली होती.

मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. रईसा म्हणाली, "नौशादभाई गेले." मी विचारलं, "कुठे?" तिने कपाळावरची ओढणी पुढे ओढली, तेव्हा कळलं. डॉक्टरांनी विमानाने जाऊ दिलं नाही. भावाच्या मातीला मी नव्हतो.

मग मी भाबींना फोन केला. माझा आवाज ऐकून त्या म्हणाल्या, "तू जिवंत आहेस? मग हे का गेले रे?" फोन रईसाने घेतला.

या आठवड्यात या मृत्युपत्राचा मसुदा वाचून दाखवायला मी पुन्हा फोन लावला. घराचं कलम त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हाशिर, त्या दिवशी काय झालं ते तुला कुणी सांगितलंच नसेल. मी शेजारीच होते. तो अरब माणूस फोनवर मोठ्याने बोलत होता. हाशिर, हाशिर म्हणाला. मग म्हणाला खलास. दोन वेळा म्हणाला. आणि शेवटी म्हणाला, माफी मुश्किल. तुझ्या भावाने फोन खाली ठेवला. मला म्हणाले, हाशिर खलास झाला, आणि तो माणूस सांगतोय आता माफी मुश्किल आहे. तेवढंच म्हणत राहिले, माफी मुश्किल, माफी मुश्किल. पाणी मागितलं. मी पाणी आणेपर्यंत..."

मी इथे इतकी वर्षं आहे. हे शब्द दिवसातून पन्नास वेळा माझ्या कानावर पडतात. मी म्हटलं, "भाबी, खलास म्हणजे झालं. ऑपरेशन झालं, असं ते सांगत होते."

"आणि माफी?"

"माफी म्हणजे त्यांच्या भाषेत नाही. माफी मुश्किल म्हणजे काही अडचण नाही. काळजी करू नका."

मग त्या म्हणाल्या, "परत सांग."

मी परत सांगितलं.

कलम ७. अबू नासिर यांना यातलं एक अक्षरही कळू देऊ नये. माझ्या हयातीत नाही, माझ्या मागेही नाही. रुमाना अरबी चांगलं बोलते, म्हणून ही ताकीद तिला नावाने देत आहे. त्यांना एवढंच माहीत आहे की माझ्या भावाचं हृदय कमजोर होतं. परवा ते घरी आले, खजुराची टोपली घेऊन, माझ्या डाव्या हातात हात देऊन बसले. त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "हाशिर, एक बात का शुकर करो. तुम्हारा भाई टेन्शन लेके नहीं गया. मैंने खुद बोला उसको, तुम ठीक है."

मी म्हटलं, "हो." मराठीतच म्हटलं. त्यांना कळलं.

वरील सात कलमं मला वाचून दाखवली, ती मी सांगितल्याप्रमाणेच लिहिलेली आहेत. याआधी मी असं कोणतंही लेखन केलेलं नाही आणि यात पुढे बदल करायचा झाला तर तो मी स्वतः करीन. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सह्या केल्या.

ठिकाण: हुफूफ, अल अहसा
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार: हाशिर दाऊद चौगुले (सही डाव्या हाताची)

लिहून घेणार: विजयकुमार शिरसाठ

साक्षीदार:
१. शीला विजयकुमार शिरसाठ, हुफूफ
२. चंद्रशेखर लेले, हुफूफ (विजयकुमार यांचे शेजारी, यांचा वरील मिळकतीशी काही संबंध नाही)