नऊ ते बारा गुरुजी

३ मार्च, सोमवार

पत्र आलं. शिक्षण खात्याच्या तपासनीस बाई सतराला घरी येणार! मुलींना घरी शिकवायची परवानगी पुढे चालू ठेवायची की नाही, ते त्याच ठरवणार. नाही म्हणाल्या तर एक तारखेपासून दोघी परत शाळेत. थोरलीचं काही नाही, तिला कुठेही सोडा, दोन दिवसांत मैत्रिणी करील. धास्ती आहे ती धाकटीची. इथल्या शाळेत चार महिने तिने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. घरी आणली तेव्हा कुठे बोलायला लागली — तेही फक्त आमच्याशीच.

हिची हॉस्पिटलात नर्सची नोकरी, म्हणून आम्ही या देशात. मी घरी, तेव्हा शिकवणंही माझ्याकडे. नऊला टाय लावला की मी गुरुजी. बाराला टाय खुंटीवर, की बाबा. मुलीही पक्क्या! टाय असेपर्यंत "अहो गुरुजी", निघाला की "ए बाबा". ही म्हणते, "ऑफिसात होतास तेव्हा कधी टाय लावला नाहीस!"

५ मार्च

धाकटीवर ओरडलो. धडा तोंडपाठ म्हणते घडाघडा, पण फळ्यावर नवं वाक्य लिहिलं की गप्प. मला सारखी सतरा तारीख दिसत होती. टेबलावर हात आपटला. "लक्ष कुठे असतं तुझं?" थोरलीसुद्धा दचकली.

बाराला टाय काढला. पाच मिनिटांत धाकटी मांडीवर येऊन बसली. कानाशी लागून म्हणाली, "बाबा, एक सांगू? पण गुरुजींना सांगू नको हं. ते चिडतात. मला ना, फळ्यावरचं दिसतच नाही."

नाही सांगणार म्हटलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो.

७ मार्च

चष्मा मिळाला. दुकानातल्या म्हाताऱ्याने एकेक फ्रेम तिच्या नाकावर ठेवून आरसा धरला, न कंटाळता. भला माणूस. तिने लाल घेतली. घरी येताना प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली — केस कापायचं दुकान, बसचे नंबर, "येथे सायकल लावू नये"! लोक वळून बघत होते. बघू देत. देवाचे उपकार, की ती बाबाकडे तरी बोलली.

टाय कपाटात कोंबला. मुलींना सांगितलं, गुरुजी गेले, आता बाबाच शिकवणार. थोरली हसली. धाकटी कपाटाकडे बघत राहिली.

१२ मार्च

आज तिने चार पानं वाचली. न अडखळता!

१७ मार्च

सगळी फजिती!

बाई आल्या. वह्या बघितल्या, थोरलीला गणितं घातली. धाकटीसमोर पुस्तक धरलं. तिने वाचलं, अगदी स्वच्छ. माझी छाती फुगली. मग बाईंनी सहज विचारलं, "कोण शिकवतं गं तुम्हाला?" मी थोरलीकडे बघितलं, तीच उत्तर देणार म्हणून. तर धाकटी बोलली! इथल्या भाषेत, परक्या बाईशी, अख्खी तीन वाक्यं —

"आधी गुरुजी शिकवायचे. ते ओरडायचे. मग बाबाने त्यांना काढून टाकलं."

बाईंचं पेन थांबलं. फॉर्मवर मी सही करून दिलंय, एकटा मीच शिकवतो. बाहेरचा शिक्षक ठेवायचा तर त्याची खात्याकडे नोंदणी लागते. "हे गृहस्थ कोण? कुठे राहतात?"

म्हटलं, "मीच तो."

"तुम्हीच स्वतःला काढून टाकलंत?"

धावत जाऊन चुरगळलेला टाय आणला, त्यांच्यासमोर गळ्यात अडकवला. थोरली तोंडात ओढणी कोंबून हसत होती. बाई मात्र हसल्या नाहीत. "धाकटीशी मला एकटीने बोलायचंय." पंधरा मिनिटं दार लोटलेलं. जाताना एवढंच म्हणाल्या, "कळवू."

१८ मार्च

पत्र नाही. मी डोकं धरून बसलो तर ही वैतागली. "अरे, ती परक्या बाईशी पंधरा मिनिटं बोलली! ते आधी बघ ना!"

खरंच की. मला सुचलंच नव्हतं. ही आहे म्हणून माझं निभतं.

२१ मार्च

आलं! परवानगी मिळाली, पुढचं अख्खं वर्ष! हिला कामावर फोन करून सांगितलं, तर तिकडे तिच्याबरोबरच्या नर्सनीही टाळ्या वाजवल्या म्हणे.

पत्राच्या तळाशी बाईंनी हाताने लिहिलंय — "गुरुजींना नोंदणीची गरज नाही. पण आपण तक्रार केली म्हणून त्यांचं काम गेलं, असं तुमच्या धाकटीला वाटतंय. ते आता कुठे जेवत असतील, असं ती मला विचारत होती. जमल्यास बघा."

तीनदा वाचलं. एवढे दिवस पोरीने हे मनात ठेवलं होतं!

२४ मार्च, सोमवार

नऊला टाय इस्त्री करून लावला आणि बाहेर जाऊन बेल वाजवली. धाकटीने दार उघडलं. चष्मा वर सारून मला नीट बघितलं.

म्हणाली, "या गुरुजी. ओरडलात तरी चालेल. मला बाबा आहे."