आईच्या पायाचा ठोकळा

सिरसाळा,
१४ मे २०१९

चि. शिवकन्येस दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. गेल्या पावसाळ्यातही पावसानं तोंड फिरवलं, टँकर दिवसाआड येतो, जनावरं छावणीत आहेत. सहकारी साखर कारखाना बंदच. धुराड्यात पारवे राहतात. तू मात्र पुण्यात प्राध्यापकीणबाई होऊनही त्याच्याच राखेत हात घालून बसलीस, याचं हसू येतं.

परवा तू ठोकळा मागितलास आणि मी "न्हाई म्हंजे न्हाई" म्हणून फोन आपटला. राग धरू नकोस. जित्याची खोड.

दोन हजार तीनचा दुष्काळ आठवतो ना? कॉलेजच्या टाक्या कोरड्या पडल्या म्हणून तू लोखंडी साचे घेऊन घरीच आलीस. सिमेंटमध्ये उसाच्या चिपाडाची राख मिसळली तर काँक्रीट किती टिकतं, हा तुझा प्रयोग. आपले नाना लेकीसाठी कारखान्यातून सायकलवर राख आणायचे आणि घरी पोचेपर्यंत स्वतःच राखाडी व्हायचे. ठोकळे महिनाभर ओले ठेवायचे म्हणालीस तेव्हा मी भडकलो होतो.

"माणसाला प्यायला न्हाई आन् ठोकळ्यांला पाणी कशापायी?"

आई म्हणाली, "आसू दे रं. मी त्येंच्याजवळ बसून आंघूळ करते, पाणी त्येंच्याकडंच जाईल."

"साबणाचं नको गं, आई!" तू ओरडलीस. मग आई महिनाभर बिनसाबणाची न्हायली. काय दिवस होते! घशाला कोरड, पण घरभर हसणं.

शेवटचा ठोकळा ओला असतानाच टँकरचा हॉर्न वाजला. घागर घेऊन आई धावली आणि नेमका त्याच्यावर पाय. पाची बोटं उमटली, जोडव्यासकट. तू "हा बाद" म्हणालीस. बाकीचे कॉलेजच्या यंत्रात भार देऊन फोडले, तू पास झालीस. हा न्हाणीजवळ राहिला.

आई जाऊन दोन वर्षं झाली. तिचा फोटो एकच, आधार कार्डावरचा, त्यात ती कुणावर तरी चिडल्यासारखी दिसते. हा ठसा मात्र हुबेहूब तिचा. रोज सकाळी मी त्यावरून हात फिरवतो. आणि तू म्हणतेस, सोळा वर्षांनी किती भार सोसतो ते यंत्रात फोडल्याशिवाय कळत नाही. तो द्यायला जीव कसा व्हावा?

पण फोनवर तू बोललीस ते डोक्यातून जाईना. ठसा वरच्या अंगाला, दाब बाजूंनी देतात. म्हणजे ठोकळा तेव्हाही चालला असता, तूच बाद करायची घाई केलीस. शिवे, आईला हे कुठं माहीत होतं? आल्यागेल्याला सांगायची, "माज्या पायानं पोरीचा योक ठोकळा नापास झाला." हसत सांगायची. शेवटच्या आजारात मात्र हात धरून मला म्हणाली, "शिवीला म्हणावं, त्येची बी परीक्षा घे कवातरी."

हे मी तुला आजवर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ठोकळा गेला असता.

शेजारचा आसाराम पुण्याला निघालाय. त्याच्याबरोबर ठोकळा पाठवतोय, आईच्या लुगड्यात गुंडाळून. लुगडं परत आण. किती भार सोसला तो आकडा फोनवर सांगू नकोस. घरी ये आणि न्हाणीजवळ उभी राहून मोठ्यानं सांग.

आईचा निकाल ऐकायला बसलेला,
तुझा दादा
बिभीषण