नऊ मात्रांचा परण्या

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ता. ४ एप्रिल १९७४

ती. सौ. दाक्षायणीअक्कास,
धाकट्या गुरुलिंगाचा सा. न. वि. वि.

कॉलेज सोडलं हे अप्पांनी कळवलंच असेल, तिखटमीठ लावून. परत जाणार नाही. नव्या पेठेतल्या मल्लप्पा मास्तरांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. रोज तीच चार मात्रांची गाणी. ओठ सुजतात, जीव आंबून जातो.

पण एक चाल बांधलीय. बँडमधल्या भीमाशंकरच्या रेडिओवर कधीमधी तुर्कस्तानचं स्टेशन लागतं. त्यांचा एक ताल नऊ मात्रांचा आहे: दोन, दोन, दोन आणि शेवटी तीन. शेवटचं पाऊल रेंगाळतं. त्यावर मी जॅझची मोकळी चाल बसवली. मागच्या गल्लीतल्या हेमावतीला गच्चीवर टाळ्या वाजवून तो ताल शिकवला. तिला माझ्याआधी जमला. आता तिचं लग्न ठरलंय, अक्कलकोटच्या कुणा सिद्धाप्पाशी, आणि सुपारी आमच्याच बँडला. नवरदेव घोड्यावरून मांडवाकडे निघेल त्या परण्यात, तिच्या दारासमोर, मी तीच चाल वाजवणार. ऐकून ती खाली आली तर आली. नाही तर निदान परण्या तरी मोडेल.

लोभ आहे तेवढा राहू दे, उपदेश नको.
तुझा गुरू

मैंदर्गी, ता. ११ एप्रिल

चि. गुरू यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

उपदेश नको, तर पत्र कशाला घातलंस? तुझे दाजी म्हणाले, नऊ मात्रांवर घोडा चालायचा न्हाय. मी म्हटलं, मग घोडा तुमच्या मेव्हण्यापेक्षा शहाणा.

तुझ्यासंगं येतेस का, असं हेमावतीला कधी विचारलंस का? नुसत्या टाळ्या शिकवल्यास. त्या पोरीनं मांडवातून उठून यावं, आणि तू तोंडात क्लॅरिनेट धरून उभा राहणार. त्या नवऱ्यामुलानं तुझं काय वाकडं केलंय? त्या दिवशी आजारी पड आणि हिकडं निघून ये.

माझ्यावर रागव, पण जेवत जा.
तुझी अक्का

सोलापूर, ता. २८ एप्रिल

ती. सौ. अक्कास सा. न. वि. वि.

दाजींना सांग, घोडा खरंच अडला. हेमावतीच्या गल्लीत शिरताना मी चाल काढली. ताशेवाल्याला आधीच पढवलं होतं. नाचणारे एकमेकांच्या पायात आले, घोडा जागच्या जागी फिरला, मास्तर शिव्या देऊ लागले. तेव्हा नवरदेव खाली उतरून चालू लागला. अक्का, तो डाव्या पायानं लंगडतो. मला ठाऊक नव्हतं. त्याचं लांबलेलं पाऊल बरोबर माझ्या शेवटच्या तीन मात्रांवर पडत होतं. वऱ्हाडाला वाटलं, बँडवाले त्याची नक्कल करतायत. एकानं माझी गचांडी धरली. नक्कल करायचं माझ्या मनात नव्हतं, पण वाईट तर होतंच की. कुणाला काय सांगणार?

सोडवलं सिद्धाप्पानंच. म्हणाला, थांबलात का, वाजवा की. आजवर कुठल्या बँडच्या तालात मला चालता आलं नव्हतं.

मग मांडवापर्यंत वाजवली. त्याचा रागसुद्धा येईना. हेमावती खिडकीत होती. ताल तिनं ओळखला, गजावर तिची बोटं पडत होती. पण ती माझ्याकडे बघत नव्हती, अक्का. त्याच्या पायांकडे बघत होती.

थकलोय, इथंच थांबतो. माया पातळ करू नकोस.
तुझा गुरू