काळं ऑइल आणि मामंजींचं धोतर

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

नळदुर्ग,
ता. ९ नोव्हेंबर १९५८

ती. श्रीमंतदादास,
धाकट्या शिवकांताचा शि. सा. न. वि. वि.

इकडील सर्व मंडळी खुशाल आहेत, एक आपला ट्रक सोडून. म्हणजे ट्रकही खुशालच आहे, पण मामंजींना तसं वाटत नाही. आणि या घरात मामंजींना जे वाटतं तेच खरं, हे तुला माझ्या वरातीतच कळलेलं आहे.

पोलीस ॲक्शननंतर लष्कराच्या लिलावात घेतलेली ती पेट्रोलची लॉरी मामंजींनी आठ वर्षं पोटच्या पोरासारखी सांभाळली. यंदा ती विकून डिझेलचा नवा ट्रक घेतला, आणि तू शब्द टाकलास म्हणून बंडप्पाला ड्रायव्हर ठेवलं. लॉरी गेली, पण मामंजींची सवय गेली नाही. अंघोळ झाली की धुतलेलं धोतर नेसायचं, बॉनेट उघडायचं, ऑइल मोजायची पट्टी उपसायची, धोतराच्या सोग्याला पुसायची आणि पुन्हा बुडवून बघायची. धोतर कोण धुतं ते तू विचारू नकोस.

मागल्या शुक्रवारी बंडप्पानं ऑइल बदललं. (शनिवारी आमच्याकडं तेल घरात येत नाही, मग ते इंजिनाचं का असेना.) तुझ्या ऑइलच्या डेपोतून आलेला डबा मामंजींच्या देखत फोडला. ऑइल मधासारखं होतं. ट्रक हैदराबादला जाऊन चौथ्या दिवशी परत आला, मामंजींनी पट्टी उपसली, तर ऑइल तव्याच्या बुडासारखं काळं. झालं. म्हणाले, की म्या आठ वर्सं लॉरी ठिवली, पर असलं तेल कवा बघितलं न्हाय. ह्या गड्यानं नवं तेल वाटंत इकलं आन् कुणाच्या तरी गाडीचं जळकं आत वतलं.

तेवढ्यात जळकोटचा लिंबाजी आला. त्यानंही आमच्याच सोबत डिझेलचा ट्रक घेतला, पण ऑइल घालतो ते बाजारातलं, लॉरीच्या काळापासूनचं साधं. त्याची पट्टी चहासारखी तांबूस. ती त्यानं आमच्या दारात उपसून दाखवली आणि ड्रायव्हर बदला असं सांगून आमच्याच घरचा चहा पिऊन गेला.

आता ऐक. मामंजींनी चार लोकांत बोलून टाकलंय, की देव नळदुर्गला आला की बंडप्पानं त्याच्यापुढं भंडार उचलून शपथ घ्यावी. आमचा खंडोबा दहा महिने अणदुरात आणि दोन महिने आमच्याकडं, तोही दोन्ही गावांच्या लेखी करारानं. सासूबाई म्हणाल्या, की अणदूर दोन-अडीच कोसांवर हाय, आत्ताच जाऊन उचलू द्या की. मामंजी म्हणाले, की नळदुर्गचं भांडण नळदुर्गच्या मुक्कामात मिटंल, अणदूरकरांस्नी तमाशा कशापायी? म्हणून मार्गशीर्षापर्यंत आम्हाला मुदत आहे. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, आबा म्हणतील तसं. ह्यांचं उत्तर मी न विचारताही लिहू शकले असते.

बंडप्पा भांडला नाही. एवढंच म्हणाला, की मालक, भंडार म्या उचलतो, पर ज्या घरानं उचलायला लावला त्या घरची गाडी फुडं म्या हाकत न्हाय. दादा, त्याची बायको इरम्मा ही या गावातली माझी एकुलती मैत्रीण. ती गेली तर मी हसू कुणाशी? आणि तुझा शब्द खोटा पडेल तो वेगळाच. खरं काय ते लवकर लिही.

लोभ पट्टीनं मोजू नये, भरपूर आहे असं धरून चालावं.

तुझी,
शिवकांता


सोलापूर,
ता. १४ नोव्हेंबर १९५८

चि. सौ. शिवकांतास,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र डेपोत वाचलं आणि एकटाच हसत बसलो. साहेबांनी विचारलं काय झालं, तर सांगितलं, बहिणीच्या सासऱ्यांना आपल्या मालाचा गुण आला. मग हसू आवरून विचार केला, तेव्हा मात्र काळजी वाटली. बंडप्पा एक थेंब इकडचा तिकडं करणार नाही. मी त्याला सात वर्षं ओळखतो.

खरं ते असं. डिझेलच्या इंजिनात काजळी फार होते. साधं तेल ती काजळी आहे तिथंच बसू देतं आणि आपण वरून साळसूद दिसतं. या नव्या ऑइलमध्ये मळ सोडवणारं औषध घातलेलं असतं. ते आतली काजळी धुऊन काढतं आणि स्वतःच्या पोटात घेतं. म्हणून ते दोन दिवसांत काळं होतं, आणि व्हायलाच पाहिजे. मात्र त्याचं पोट भरलं की बदललं पाहिजे, आणि ते मैलांवर ठरतं, रंगावर ठरत नाही. लिंबाजीचं तांबूस ऑइल मला तर जास्त भीतीदायक वाटतं.

हेच सगळं मी आजच्याच टपालानं तुझ्या मामंजींना, हिंमतरावांना, सविस्तर लिहिलं आहे. त्यांना पटेल, असं मला वाटत नाही. व्याह्याच्या पोरानं शहाणपण शिकवलं तर कुठल्या सासऱ्याला पटलंय? तू आपली गप्प राहा. तुला ते जमत नाही हे मला ठाऊक आहे, पण मोठा भाऊ म्हणून सांगणं माझं काम.

चिवडा पाठवतो आहे. अर्धा इरम्माला दे, आणि दिलास की नाही हे मी तिला विचारणार आहे.

तुझा,
श्रीमंतदादा


नळदुर्ग,
ता. २३ नोव्हेंबर १९५८

रा. रा. श्रीमंतराव यांस,
हिंमतराव यांचा रामराम. वि. वि.

आपले चार पानी पत्र पावले. मजकूर ध्यानी आला. तेल काळे होते ते चांगले, आणि स्वच्छ राहते ते वाईट, असे आपण लिहिता. उद्या दूध नासले म्हणजे ताजे, असेही आपल्या डेपोतून कळवावे. आम्ही निजामशाहीत उर्दू चार यत्ता शिकलो, पण असा उलटा धडा कोणत्याही मौलवीने दिला नाही.

तरी आपण व्याह्याचे चिरंजीव, म्हणून शहानिशा करायची ठरविली. नवे तेल स्वहस्ते ओतून बॉनेटला धान्याच्या कोठीची साखळी व कुलूप घातले आहे. चावी आमच्या करदोट्यास आहे. ट्रक परत आल्यावर तेल काळे निघाले तर बंडप्पाने दुसरी चावी करून घेतली असे समजू. सोलापुरात चाव्या झाडाला लागल्यासारख्या मिळतात, हे आम्ही जाणतो.

देव आल्यावर आपणही हजर राहावे. शिफारस आपली आहे, तेव्हा भंडाराचा मान अर्धा आपला.

कळावे. आमचा लोभ जुन्या पद्धतीचा आहे, रंग बदलत नाही.

आपला,
हिंमतराव


नळदुर्ग,
ता. २ डिसेंबर १९५८

ती. दादास,
शिवकांताचा शि. सा. न. वि. वि.

कुलपाची कथा ऐक. सोलापूरहून परत येताना बोरामणीजवळ पंख्याचा पट्टा तुटला आणि इंजिन तापलं. बंडप्पानं गाडी जागच्या जागी उभी केली. पट्टा त्याच्याकडं होता, हातोडी होती, पण चावी मामंजींच्या कमरेला. लोक म्हणाले, एक घाव घाल. तो म्हणाला, की कुलूप मालकाचं हाय, मालकच काढंल. एस.टी.च्या ड्रायव्हरकडून निरोप आला. मामंजी चावी कुणाच्या हाती देईनात, म्हणून स्वतः एस.टी.नं गेले. सकाळी बंद पडलेली गाडी दिवेलागणीला घरी आली. तोवर बंडप्पा बाभळीखाली बसून होता आणि गाडीतल्या हळदीचा बाजार चुकला.

ऑइल अर्थातच काळं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील, पण मामंजी त्या दिवसापासून गप्प आहेत. ते ओरडतात तेव्हा मला भीती वाटत नाही. गप्प बसले की वाटते. शपथेची गोष्ट काही मागं घेतलेली नाही. इरम्मानं भांडी पोत्यात भरायला काढली आहेत. काल ती माझ्याकडचं पुरणयंत्र परत द्यायला आली. मी ते घेतलं नाही आणि दोघी मिळून खूप रडलो.

रडून झाल्यावर मला एक युक्ती सुचली. ती विचारू नकोस, तू भित्रा आहेस. मात्र मामंजींच्या कपड्यांबद्दल कुणी काही बोललं, तर तू माझ्या बाजूनं राहा.

काळजी केलीस तरी चालेल, पण ती पत्रातून पाठवू नकोस.

तुझी,
शिवकांता


सोलापूर,
ता. ६ डिसेंबर १९५८

चि. सौ. शिवकांतास,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

कपड्यांचा आणि ऑइलचा काय संबंध? तू काय चालवलं आहेस? लहानपणी तुला अशीच युक्ती सुचली होती तेव्हा आपली म्हैस शाळेत गेली होती. डेपोत वर्षअखेरीची मालमोजणी आहे, मला रजा मिळत नाही. देव यायच्या दिवशी मी इथूनच हात जोडीन. उलट टपाली लिही.

तुझा,
दादा


नळदुर्ग,
ता. २२ डिसेंबर १९५८

ती. दादास,
शिवकांताचा शि. सा. न. वि. वि.

हात जोडलेस ते कामी आले. आता पहिल्यापासून सांगते.

दोन तारखेपासून मी मामंजींची धोतरं आणि फेटा साबण न लावता नुसत्या पाण्यातून काढत होते. आठवड्यात धोतर राखेच्या रंगाचं झालं. सोग्यावर ऑइलचे डाग होतेच, ते जिथल्या तिथं. मामंजी रोज नेसायचे, मला वाटायचं आज बोलतील, पण बोलायचे नाहीत. माझा धीर सुटत चालला होता.

देव यायचा दिवस उजाडला. सामोरं जायला गावची मंडळी आमच्या अंगणात जमली. बंडप्पा धुतलेल्या कपड्यात, भंडार उचलायच्या तयारीनं एका बाजूला उभा. मामंजी धोतर नेसून बाहेर आले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, की सूनबाई, ह्ये धोतर धुतलंय का फुफाट्यात लोळवलंय?

मी कालचं धुण्याचं पाणी घंगाळात राखून ठेवलं होतं. ते अंगणात आणून त्यांच्यापुढं ठेवलं. पदर सावरून मी म्हणाले, की मामंजी, धुतलंय तर काय, पाणी बघा कसं साफ आहे. साबण लावला की पाणी काळं होत होतं. मला वाटलं साबणातच काही खोट आहे, म्हणून बंद केला.

मामंजी कडाडले, की लेकी, पाणी साफ ठिवून त्येची पूजा करायची हाय का? मळ पाण्यात आला तरच धोतर साफ व्हईल. पाणी काळं झालं म्हंजी साबनानं काम केलं.

आणि थांबले. सासूबाई उंबऱ्यातून शांतपणे म्हणाल्या, की ह्येच सूनबाईच्या दादानं पत्रात लिवलं व्हतं न्हवं?

मामंजी तसेच ट्रककडं गेले. करदोट्याची चावी काढून कुलूप उघडलं, पट्टी उपसली. काळीभोर. ती त्यांनी धोतराच्या सोग्याला सगळ्यांसमोर पुसली आणि म्हणाले, की तेल कामाला लागलंय. मग चावी, कुलूप, साखळी, सगळं बंडप्पाच्या हातात दिलं. म्हणाले, ह्ये कोठीला लाव जा.

देव आल्यावर भंडार मामंजींनीच उचलला. एक बोट बंडप्पाच्या कपाळाला लावलं आणि उरलेला बॉनेटवर उधळला. बंडप्पानं वाकून मामंजींच्या पायांना हात लावला. इरम्मा मात्र बोलत सुटली. तिनं कानडीत जे काय सांगितलं त्यातलं मला फक्त माझं नाव कळलं. पुरणयंत्र तिच्याकडंच राहिलं, आणि काल पोळ्या आल्या.

लिंबाजी काही दिसला नाही. त्याचा ट्रक म्हणे महिनाभर कुठंतरी अडकून पडलाय. असो. दादा, मी फार आनंदात आहे, आणि थोडी गर्वातही. मामंजींना पेचात पकडणं आजवर कुणाला जमलं नव्हतं.

लोभ वाढवायचा असेल तर आता हक्कानं वाढव.

तुझी हुशार बहीण,
शिवकांता


नळदुर्ग,
ता. २३ डिसेंबर १९५८

रा. रा. श्रीमंतराव यांस,
हिंमतराव यांचा रामराम. वि. वि.

हे पत्र खाजगी समजावे.

बोरामणीस आम्ही कुलूप काढायला गेलो, तेव्हा पलीकडे मिस्त्रीच्या आवारात लिंबाजीचा ट्रक उघडून पडला होता. तेल चहासारखे तांबूस. आणि इंजिनाच्या आत बासुंदीच्या पातेल्याला लागावी तशी खरपूड, जी मिस्त्री खुरप्याने काढीत होता. आम्ही दोन घटका पाहत उभे राहिलो. मग बाभळीखाली हातोडी जवळ असून कुलपाला हात न लावता बसलेला आमचा गडी पाहिला. आपले चार पानी पत्र तेव्हाच समजले.

पण चार लोकांत बोललेला शब्द गिळायचा तर काही वाट पाहिजे. ती आम्हास सापडेना. इतक्यात आमची धोतरे मळकी येऊ लागली. तिसऱ्या दिवशीच सूनबाईचा डाव ध्यानी आला. पुढे दोन आठवडे आम्ही मळके धोतर नेसून, ही पोर पाण्याचे भांडे कधी पुढे आणते, याची वाट पाहत होतो. शेवटी तिच्याने होईना, तेव्हा धोतराचा विषय आम्हीच काढला.

ऑइलचे दोन डबे पाठवावे, शनिवार टाळून. सोबत अंगाला नव्हे, कपड्याला लावायचा चांगला साबण पाठवावा.

सूनबाईस यातले अक्षर कळू नये. तिला वाटते आहे तेच वाटू द्यावे. या घरात यापुढे तिला जे वाटेल तेच खरे.

आपला,
हिंमतराव